नव्या पेटीला पुन्हा 'लाभ'

...अन् वरून उत्तमराव म्हणतो काय, "यात हाय काय? मागच्या नंबरात एक मिळवायचा!" आरं, पण हे सुचलं कुणाला? आमच्या रामप्रसादला! पुसेगावकडच्या तांड्यावरचं पोरगं, ह्या उत्तमरावच्या हिंगोलीतल्या शेडात दोन वर्षं राबलं. तिथं कॉम्प्युटर एकमेकांला जोडायची कार्डं बनायची. दर कार्डात एक नंबर भरायचा, अन् एकाचा नंबर दुसऱ्याला चालत न्हाई, बराबर? पण जुना प्रोग्राम असा येडा, की चार हजारावं कार्ड आलं तरी पहिल्यापासून मोजायचा! कार्ड लावा, चहा पिऊन या, तरी ह्याचं आपलं मोजणं चालूच...

उत्तमराव म्हणला, "ह्याला पळव रे बाबा, पक्क्या नोकरीचा कागद देतो, इंजिनिअर म्हणून, शिक्क्यासकट!" अन् कागद पाहिल्याबिगर थावराकाका आपल्या पोरीची, रुपाची, सोयरीक रामप्रसादशी करायला तयार न्हाई. मग काय! पोरानं जिवाचं रान केलं अन् प्रोग्रामला शेवटचा नंबर ध्यानात ठेवायला शिकवलं. तुमाला सांगतो, कार्ड लावलं की झालं, लावलं की झालं!

अन् दुसऱ्या दिवशी खुर्चीत कोण? बालाजी! उत्तमरावचा जावई, हट्टा गावचा, मोंढ्यात धान्य मापणारं घर. "आता तुझं काय काम रामप्रसाद? मागच्या नंबरात एक मिळवायचा, जावई करंल की!" गळा कापला हो लेकराचा, हसत हसत!

आता बालाजीची गंमत ऐका. धान्य मापताना पहिल्या मापाला 'एक' न्हाई, 'लाभ' म्हणतेत, अन् नवा ढीग लागला की पुन्हा 'लाभ'पासून. व्हय ना? ह्या बहाद्दरानं कार्डांची नवी पेटी फोडली की शेवटचा नंबर पुसला, हात जोडले, "लाभ!"... अन् पुन्हा पहिल्यापासून! चाळीस पेट्या, सगळ्यांत तेच नंबर! एका कॉलेजात जोडली, तर एकाच नंबराची दोन-दोन कार्डं. ह्याचं त्याला, त्याचं ह्याला, सगळं ठप्प! टेम्पो भरून माल वापस!

उत्तमरावचा निरोप आला, "लवकर ये." रामप्रसादला वाटलं, आली अक्कल! काहून न्हाई वाटणार? इस्त्रीचा शर्ट घालून गेला. तर हा म्हणतो, "मागच्या नंबरात एक मिळवायचा, एवढंच होतं, तेबी चुकलं. पण जावयाचं नाव कसं लावू? पोरगी नांदायची हाय माझी. कॉलेजाला इंग्रजीत कागद धाडला, चूक आमच्या इंजिनिअरची म्हणून. नाव तुझं टाकलं. ही घे नक्कल."

रामप्रसादनं कागद पाहिला. टाईप केलेलं नाव, पुढं इंजिनिअर, खाली गोल शिक्का... रडू आलं हो त्याला. मग घडी घालून खिशात ठेवला. म्हणला, "जाऊ द्या. थावराकाकाला इंग्रजी कुठं येतं? शिक्का तर दिसंल!"