गॅरेजचा कोड

अरे, आमच्या अमेरिकेतल्या हर्नडनच्या मंदारचं ऐक. त्याच्या गल्लीत घरफोडी झाली, तशी याने घरासाठी बंदूक घ्यायचं ठरवलं. आयटीवालाच तो, आधी एक्सेल शीट केली. पिस्तुलाची गोळी चालणारी आखूड बंदूक, म्हणजे कार्बाइन बरी, की सरळ रायफल?

मला घेऊन दुकानात गेला. तिथल्या म्हाताऱ्याने शीटकडे बघितलंसुद्धा नाही. म्हणाला, "तुमच्या घराच्या भिंती पुठ्ठ्यासारख्या. दोन्ही गोळ्या आरपार जातात. पलीकडे कोण झोपतं?"

"मुलगी."

"आणि बेल न वाजवता घरात कोण येतं?"

मंदार बोटं मोजायला लागला. गणपतीत याने गॅरेजमधून घरात शिरायचा कोड अख्ख्या मंडळाच्या ग्रुपवर टाकला होता, तो बदललाच नव्हता, हेही त्याने सांगून टाकलं.

"मग आधी कोड बदला," म्हातारा म्हणाला.

घरी परतलो, तर किचनमध्ये भांडं वाजलं. मंदार दारातच थबकला. मग ओरडला, "काकू?"

"हो रे, आमटी ठेवतेय फ्रीजमध्ये!" शेजारच्या कुलकर्णी काकू.

मंदारने शीट तिथेच डिलीट केली. हळूच मला म्हणाला, "यार, हातात बंदूक असती, तर आधी हाक मारायचं सुचलं असतं का मला?"