मी मारलेले मास्तर

हसताय काय, पाचावर धारण बसलेली माझी! शहाण्णव-सत्त्याण्णव साल असंल. इथल्या एका पेपरात रविवारी माझी चित्रकथा यायची, आणि दर बुधवारी पेठ वडगावच्या एका रिटायर ड्रॉइंग मास्तरांचं कार्ड. "घोड्याचा गुडघा उलटा हाय." "राणीला सहा बोटं हायत." एकदा तर ऑफिसात येऊन सगळ्यांदेखत माझी हजेरी घेतली.

माझं डोकं फिरलं. कथेत हुबेहूब त्यांच्या तोंडवळ्याचा दरोडेखोर काढला आणि कड्यावरनं ढकलून ठार मारला.

त्या बुधवारी कार्ड आलं न्हाय. पुढच्या बुधवारीबी न्हाय. तिसऱ्या बुधवारीबी टपाल उलटंपालटं करून बघितलं, न्हायच. म्हातारा माणूस, मनाला लावून घेतलं असंल तर? तशीच वडगावची एसटी धरली.

मास्तरांच्या दारात ही चपलांची रास! आत कोण रडतंय का म्हणून कान देऊन उभा राहिलो, तर मास्तरच बाहेर आले. आत त्यांची शिकवणी चाललेली.

"मास्तर, कार्ड का न्हाय धाडलं?"

चष्म्यावरनं बघत म्हणाले, "मेलेला माणूस पत्र लिहितोय व्हय? येत्या रविवारी जित्ता कर मला. तीन आठवड्यांच्या चुका साठल्यात."