गोविंदरावांचा पियानो आणि माझी घंटा

सुलभावहिनी, अध्यक्षमहाराज आणि टी. टी. नगरातल्या क्वार्टरांमधून आलेल्या माझ्या बंधुभगिनींनो,

बोलायला उभा राहिलोय. दुःखानं म्हणाल तर अर्धाच. बाकीचा रागानं.

आत्ता तिघं बोलून गेले. गोविंदराव सप्रे थोर कलावंत होते म्हणे. मंडळाचं भूषण होते म्हणे. अहो, मग जिवंतपणी कुठे होतात? मी कुठे होतो?

राजधानी भोपाळला आली, तसे नागपूरचे आपण कारकून फायलींच्या मागोमाग इथे आलो. कुणी कपाट आणलं, कुणी पलंग. आपल्या सचिवालयातल्या या टायपिस्टनं पलंग विकला आणि पियानो आणला. सत्तेचाळीस साली देश सोडून जाणाऱ्या एका साहेबानं दिलेला. आपण हसलो. क्वार्टरच्या दारातून तो आत जाईना, म्हणून या हॉलमध्ये ठेवला. आज त्यावर त्यांचा फोटो आहे, हार आहे. परवापर्यंत काय होतं? प्रसादाचं पातेलं आणि नारळाचं पोतं!

रोज सकाळी ऑफिसच्या आधी ते इथे यायचे. पातेलं स्वतः उतरवायचे आणि वाजवायचे. एकच तुकडा, पुन्हा पुन्हा. कुणा जर्मन माणसानं शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी रचलेला.

मग गेल्या वर्षीचा गणेशोत्सव. आपला नियम भिंतीवर टांगलेला आहे, बघा, अजून आहे. 'सिनेसंगीत चालणार नाही.' मोठे सोवळे आपण! गोविंदराव काळा कोट घालून बसले. वाजवायला लागले. मिनिटभरात मागची पोरं ओरडली, "अरे, ये तो वही गाना है!" आणि गायलाच लागली. त्या साली एका सिनेमानं तीच चाल उचलली होती. पानाच्या प्रत्येक ठेल्यावर रेडिओ तेच गात होता.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली, 'थांबवा'. चिटणीस कोण? मी. घंटा कुणी वाजवली? मी वाजवली.

त्यांनी हात उचलले. म्हणाले, "नाना, हे सिनेमाचं नाही हो."

मी काय म्हणालो? "पोरंसोरं ओळखतायत, आणि तुम्ही नाही म्हणता? नियम सगळ्यांना सारखा."

त्यांनी झाकण लावलं, कोटाची बटणं काढत बाहेर गेले. तुमच्यापैकी कुणी उठलं? कुणी म्हणालं, वाजवू द्या त्यांना? शिवाय ऑफिसात त्यांच्या टेबलाशी जाऊन तीच चाल गुणगुणणारे इथेच बसलेत. मान खाली घालू नका, मला माहीत आहेत.

त्यानंतर त्यांनी पियानोला हात लावला नाही. आणि गेल्या सोमवारी ते गेले.

काल वहिनींनी मला त्या तुकड्याचा कागद दाखवला. पिवळा पडलेला, घडीवर फाटलेला. कडेला त्यांच्या मिशन शाळेत पियानो शिकवणाऱ्या बाईंच्या शाईच्या खुणा. तुमच्या त्या सिनेमाचा हिरो तेव्हा चड्डीत असेल! चोरी केली दुसऱ्यानं आणि चोर ठरवला आपण या माणसाला. कागद एकदा मागून बघायचं सुचलं नाही मला. वहिनी, मला माफ करा असं म्हणायचंही तोंड नाही.

मी वहिनींना विचारलं, पूर्ण वाजवायला किती वेळ लागायचा? म्हणाल्या, सहा मिनिटं. आपण एका मिनिटात घंटा वाजवली. पाच राहिली.

तेव्हा रिवाजाची दोन मिनिटं आज चालणार नाहीत. पाच मिनिटं उभं राहायचं. पाय दुखले तरी, ऑफिसला उशीर झाला तरी. कुणी घड्याळ बघू नका.

ती घंटा मी वहिनींच्या हातात दिली आहे. त्या वाजवतील तेव्हाच बसायचं.

उठा.