पुलीवरच्या दोन खुणा

मेकॅनिक उस्ताद शहात यांचा इंजिन ऐकणारा कान कधी चुकत नाही, अशी अख्ख्या शुब्रा मोहल्ल्याची श्रद्धा आहे. आज त्यांच्या हातात टायमिंग लाइट होता, म्हणजे ठिणगी वेळेवर पडते का ते इंजिनाच्या पुलीवरच्या खुणेवरून दाखवणारा दिवा. रांगेत माझ्यापुढे जुन्या फियाटचा मालक वगदी.

“उस्ताद, तासाभरात माझ्या लेकीला, सुहैरला, तिच्या लग्नाच्या हॉलवर न्यायचंय. मुकत्तमच्या चढाला इंजिन खडखडतं हो!”

“पुलीवर दोन खुणा कशा रे?”

“पांढरी तुमची. लाल माझ्या मेव्हण्याची, नेलपॉलिशची.”

“ठिणगी लवकर पडावी म्हणून डिस्ट्रिब्यूटरही त्यानंच फिरवला?”

“जोर वाढतो म्हणाला.”

“त्याचा वाढला असेल.”

“तुमच्या खुणेवर लावा ना! पोरगी नटून बसलीय.”

“थांब. प्लग काढून पिस्टन नेमका कुठे वर येतो ते बघतो.”

“म्हणजे स्वतःच्या खुणेवर तुमचा विश्वास नाही?”

“पाना दे.”

“कुठली बरोबर, उस्ताद?”

दोन्ही चुकीच्या होत्या. सुहैर मामाच्या स्कूटरवरून लग्नाला गेली.