मुंजाजीचा फोटो

(भादवा, १९७८. सोनपेठमधला एक फोटो स्टुडिओ. मालक सूर्यभान आणि औरंगाबादेहून आलेला त्यांचा भाचा बन्सीधर. दुपार कलली आहे.)

सूर्यभान : मी चुकलो, बन्सी. रान इकून तू जपानी कॅमेरा घेतलास, तवा म्हनलो हुतो, महागाच्या कॅमेऱ्यानं कुनी फोटोग्राफर होत न्हाई. ह्या पेपरात तू काढलेला फोटो बघितला आन् गप बसलो. म्हातारीच्या डोळ्यातलं पानी दिसायलंय की रे. माझ्या डब्ब्यानं सात जन्मात झालं नसतं हे.

बन्सीधर : मामा, तो पेपर ठेवा आत.

सूर्यभान : का बरं? येनाऱ्या हरेक गिऱ्हाइकाला दावलाय मी. भाचा हाय माझा, हितंच शिकला म्हनून.

बन्सीधर : मी एक जुना फोटो शोधायला आलोय. दोन वर्षांपूर्वीचा. तुमचे निगेटिव्हचे डबे बघायचेत.

सूर्यभान : कुनाचा फोटो?

बन्सीधर : त्याच म्हातारीच्या पोराचा. दगडाबाईच्या मुंजाजीचा.

सूर्यभान : आपल्या मुलखात मुंजाजी काय कमी हायेत का? बस आधी. पानी पी. तिथं झालं काय, ते सांग. पेपरात नुसतं ‘आक्रोश’ लिवलंय.

बन्सीधर : विद्यापीठाच्या नावाचा ठराव झाला आणि गावोगावचे बौद्धवाडे पेटले, ते तर तुम्हाला माहीतच आहे. पेपरनं मला पाठवलं. देवगाव फाट्यावर पोलिसांनी गाडी अडवली, त्यात दोन तास गेले. इथून तीन कोसांवरच्या त्या गावात पोचलो तेव्हा घरं जळून खाली बसली होती. धूर तेवढा निघत होता. मुंजाजी शेरडं सोडायला पेटत्या घरात परत घुसला होता आणि वरून आढं पडलं. लिंबाखाली चादर घालून ठेवला होता त्याला. दगडाबाई उशाशी.

सूर्यभान : एकलाच लेक?

बन्सीधर : एकुलता. मी फोटो काढत सुटलो. खोटं नाही सांगत, हात जरासुद्धा हलला नाही माझा. धुरातून येणारा उजेड, तिचा चेहरा, सगळं मनासारखं. लेन्स अशी, की लांबून तिच्या भुवईचा केस न् केस दिसत होता. मग तिचं लक्ष गेलं माझ्याकडं. तिनं चादर बाजूला केली. पोराच्या तोंडाला काही झालेलं नव्हतं, झोपल्यासारखं होतं. ती उठून दोन्ही हात पसरून माझ्याकडं आली. म्हणाली, ‘दादा, माझ्या लेकराचा एक काढा. घरात त्याचा एक बी न्हाई.’

सूर्यभान : मग?

बन्सीधर : मी ‘काढतो’ म्हणालो आणि तिचाच काढला. हात पसरलेला. तोच तुमच्या हातात आहे, मामा. लोकांना वाटतं ती न्याय मागायलीय. ती फोटो मागत होती.

सूर्यभान : ...रोल सरला आसंल.

बन्सीधर : सरला. पण दुसरा पिशवीत होता. तेवढ्यात पोलिसांची गाडी आली आणि मी गाडीचे फोटो घ्यायला पळालो. परत आलो तर लिंबाखाली कुणी नव्हतं. परभणीच्या दवाखान्यात नेलं त्याला. तिकडंच सगळं उरकलं.

सूर्यभान : तुला काय ठावं, ते इतक्या घाईनं न्हेतील म्हनून.

बन्सीधर : मला एवढंच ठावं होतं की माझा फोटो चांगला आलाय. परवा तिच्याकडं गेलो होतो. भावाच्या गावी पत्र्याच्या खोलीत राहायलीय. मोठी प्रत नेली होती, हा एवढा कागद. तिनं हातात घेतली. बघितली, उलटी करून मागं बघितलं. मग विचारलं, ‘माझा मुंजा कुठं हाय ह्यात?’

सूर्यभान : लय बोलली का तुला?

बन्सीधर : नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. एवढंच म्हणाली, ‘तुमी काढतो म्हनले हुते.’ नंतर तिनंच चहा केला. आणि सांगितलं, की दोन वर्षांखाली मुंजाजी फोटो काढायला सोनपेठला गेला होता. रेल्वेच्या भरतीचा फॉर्म होता, पूर्ण्याला काम लागणार होतं. मेव्हण्याचा पांढरा शर्ट घालून तीनदा चालत गेला. घरी येऊन म्हणाला, ‘काढलाय फोटो, धुऊन यायचाय.’ तेवढ्यात फॉर्मची तारीख गेली, म्हणून फोटो आणायचा राहिला. सोनपेठला तुमच्याशिवाय दुकान नाही, मामा. काढा डबे. आपण दोघं बसून बघू.

सूर्यभान : डबे भिजले औंदा. लय बुरशी आलीय.

बन्सीधर : असू द्या. चेहरा कळला तरी खूप झालं. मी नीट करून घेतो.

सूर्यभान : डबे धुंडू नको, बन्सी.

बन्सीधर : का?

सूर्यभान : न्हाई त्यात.

बन्सीधर : तुम्ही बघितलं पण नाहीत अजून.

सूर्यभान : काढलाच न्हाई तर सापडंल कुठून? आला हुता तो. पांढरा शर्ट, ढगळा. दुकानात मोठ्या घरच्या बाया बसल्या हुत्या. त्यानं गावाचं नाव सांगितलं, वस्ती सांगितली. मी म्हनलो, बल्ब गेलाय, मंगळवारी ये. मंगळवारी आला. मी म्हनलो, अजून आला न्हाई बल्ब. उजेड तर त्याला रस्त्यावरून दिसत आसंल.

बन्सीधर : तिसऱ्यांदा?

सूर्यभान : तिसऱ्यांदा मागल्या अंगाला न्हेलं. न्हानीपाशी. म्हनलो, हितं भिताडाला उभा ऱ्हा, काढतो. तो म्हनला, ‘आत खुर्ची हाय की.’ मी म्हनलो, ती गिऱ्हाइकाची हाय. माझ्याकडं बघितलं त्यानं. ‘ऱ्हाऊ द्या’ म्हनला, आन् गेला.

बन्सीधर : का, मामा?

सूर्यभान : त्या खुर्चीवर त्याला बसवला आसता तर दुसऱ्या दिवशी गावातलं कुनी बसलं नसतं. तुझी मामी, तीन पोरी, सारं त्याच खुर्चीवर चाललेलं. आसं म्हनत आलो. पर खरं सांगू का? तवा मला त्यात काई वंगाळ वाटलंच न्हाई. जेवलो आन् झोपलो.

बन्सीधर : फोटो मिळाला असता तर तो पूर्ण्याला असता आज.

सूर्यभान : तू सांगायच्या आधीच कळलंय मला ते.

बन्सीधर : आईला त्यानं काढलाय म्हणूनच सांगितलं. तिला वाईट वाटू नये म्हणून.

सूर्यभान : व्हय.

बन्सीधर : मग मी जाऊन सांगतो, डबे भिजले, फोटो खराब झाला. तिनं काय काय सोसायचं? पोरानं झाकलेलं आपण कशाला उघडायचं?

सूर्यभान : पोरानं झाकलं, ते आईसाठी. आपून झाकायचं, ते आपल्यासाठी. तू एकदा काढतो म्हनून फसवलंस तिला. आता दुसऱ्यांदा फसवशील, ते बी माझ्यापायी.

बन्सीधर : मामा, मला जमायचं नाही तिच्यापुढं.

सूर्यभान : तुला कुठं बोलायचंय? मी बोलतो. तू नुसता बाजूला ऱ्हा. भावाचं गाव कोन्तं म्हनलास?

बन्सीधर : ताडकळसच्या अलीकडं. सकाळच्या एस.टी.नं जाता येईल.

सूर्यभान : जाऊ. उद्या दुकान बंद.

बन्सीधर : आणि तिनं घरात घेतलं नाही तर?

सूर्यभान : तर भाइर बसू.