नवशिक्यांची सिस्टिम आणि ढगांच्या चौतीस वह्या

...नाही, पण मी काय म्हणतो, संगणकानं माणसाला रोज सकाळी एवढ्या मोठ्या अक्षरांत 'सुस्वागतम्' कशाला म्हणावं? घर माझं, टेबल माझं, खुर्चीतली उशीसुद्धा माझी, आणि हा मलाच म्हणतो, या, बसा! वर विचारतो, 'तुम्ही नवीन आहात का?' अरे बाबा, सदुसष्ट वर्षं झाली मला, नवीन कसला! ...तशी सिस्टिम चांगली आहे हो. वाईट नाही म्हणणार मी.

तुम्हाला सांगतो, चौतीस वर्षं मी टेकडीवरच्या वेधशाळेत ढग मोजले. हसू नका! पगार मिळायचा त्याचा. आकाशाचे मनातल्या मनात आठ भाग करायचे, किती झाकलेत ते लिहायचं, वारा कुठून, ढग कुठला, झालं. कार्यालयातल्या नोंदी पुढे गोदामात पाणी शिरून गेल्या. पण माझ्या हातच्या वह्या राहिल्या घरी, वर्षाला एक, चौतीस. आणि गेल्या वर्षी डोळ्यांचे डॉक्टर म्हणाले, अगदी हळू, निजलेल्या बाळावर पांघरूण घालावं तसं, "काका, नजरेच्या मधोमध धुकं येत जाणार. वर्षभरानं वाचणं जमेलच असं नाही." धुकं! मला सांगतायत, धुकं म्हणजे काय! म्हटलं, दिसतंय तोवर सगळ्या वह्या संगणकात उतरवू आणि कार्यालयाला पाठवू.

आता संगणक जुना, त्याला चालवणारी सिस्टिम कुठली घालायची? माझा मेहुणा धावत आला. "दाजी, सिस्टिमला पैसे मोजणार? जगात फुकट मिळते! मी बसवतो की." बसला दोन दिवस. जेवलाही दोन दिवस. शेवटी काय, तर काळाकुट्ट पडदा आणि त्यावर एक पांढरी रेघ लुकलुकतेय. म्हटलं, हे काय? "हाच तर खरा संगणक, दाजी! इथं तुम्ही आज्ञा लिहायची." आज्ञा? मी जन्मात कुणाला आज्ञा दिली नाही हो. वाऱ्याला कोण आज्ञा देतं? आणि घरात तर विषयच नाही.

मग जावई म्हणाला, "बाबा, ही विकतची घ्या. खास नवशिक्यांसाठी आहे. अडलं तर फोन करायचा, माणूस बोलतो." मेहुणा उसळला, "पांगुळगाडा आहे तो, पांगुळगाडा!" म्हटलं, असेना, तो धरलेलं पोर पडत तर नाही ना? आण.

पाव तासात बसली बघा! काही नवं हवं असलं तर चित्रांचं कपाट उघडतं, टिचकी मारली की आलंच. अक्षरं इतकी ठसठशीत की समोरच्या गच्चीवरून वाचावीत. खोड्याही आहेत. आमच्या प्रिंटरला ओळख देत नाही, चार वर्षं अबोला असलेल्या शेजाऱ्यासारखी. आणि काहीही करा, विचारणार, 'नक्की ना?' अहो, नक्की काय असतं आयुष्यात? ...तशी सिस्टिम चांगली आहे हो. वाईट नाही म्हणणार मी.

पण तो पडद्यावरचा फोटो! सिस्टिम सुरू केली की हिरवं माळरान, वर निळं आभाळ, आणि उजवीकडे एक कापशी ढग. एकच. पहिल्या दिवशी मी वही उघडली, पेन्सिल घेतली आणि त्याच्याकडे बघत बसलो. सावली आखूड, म्हणजे अकराचा सुमार. पोट सपाट, डोकं फुगीर... म्हणजे दीड तासात हा वाढणार, माळावरून सावली सरकणार, गवत आधी गडद होणार, मग पुन्हा उजळणार, आणि कुठेतरी एखादी बाई वाळत घातलेल्या कपड्यांकडे धावणार... मी थांबलो हो. खरंच थांबलो. एक वाजला, जेवण निवलं, ढग तिथंच! चौतीस वर्षांत असा आज्ञाधारक ढग पाहिला नव्हता मी. बघता बघता मीच हलका होत जायचो, खुर्ची कुठे, टेबल कुठे, आपण आपले टेकडीवर...

"अहो! तीन आठवड्यांत किती उतरवलंत?"

ही आमची ही. पूर्वी टेलिफोन खात्यात ऑपरेटर होती. म्हटलं, "अर्धी वही."

"उठा."

उठलो. संगणकाला जन्मात हात न लावलेली बाई, संध्याकाळपर्यंत खडाखड टाइप करायला लागली! 'तुम्ही नवीन आहात का?' असं विचारलं त्यानं, तर ही म्हणते, "हो रे बाळा, सांग." आणि त्यानं सांगितलं! नावाच्या जागी हिनं आपलं नाव घातलं. मग ही टाइप करणार, मी खिडकीशी बसणार, अक्षर लागलं नाही की मी सांगणार. पावसाळे गेले, हिवाळे गेले, डोळे मिटून मी पुन्हा सगळी आभाळं पाहिली...

अकराव्या वहीत खडखड थांबली.

"अहो, हा थोरलीच्या जन्माचा दिवस ना?"

"असेल."

"काय लिहिलंय माहितीय? 'सकाळी सहा. आकाश निरभ्र. वारा मंद. उल्लेखनीय काही नाही.'"

म्हटलं, अगं, ती हवेची वही! हिनं खुर्ची माझ्याकडे वळवली. बत्तीस वर्षांचा संसार, पण असं रोखून कधी बघितलं नव्हतं. मग मला सांगावंच लागलं, जे कधी बोललो नव्हतो... की पाळी संपल्यावर मी टेकडी धावत उतरलो, एका पायात बूट, दुसऱ्यात चप्पल. दवाखान्याच्या व्हरांड्यात पोचलो, पण आत यायचं धाडस होईना, म्हणून वर बघत उभा राहिलो. तिथं एक ढग होता. इवलासा. मी त्याला म्हटलं, थांब हं जरा. आणि तुमची शपथ, तो थांबला. नोंद नाही केली. खरं कोण मानणार?

हिनं डोळे पुसले आणि टाइप केलं. म्हटलं, काय लिहिलंस? "शेऱ्याचा रकाना रिकामा होता." झालं! तिथून पुढे प्रत्येक तारखेला, "या दिवशी काय झालं, आठवा." मी आठवायचं, हिनं लिहायचं. चौतिसावी वही संपली आणि हिनं टिचकी मारली, सगळं थेट कार्यालयात! चपलेसकट! त्या दिवशी मात्र त्यानं 'नक्की ना?' विचारलं नाही. म्हणजे, विचारलं असेल. ही म्हणाली असेल, नक्की. ...तशी सिस्टिम चांगली आहे हो. फारच सोपी आहे, एवढंच.

परवा कार्यालयाचं उत्तर आलं. मला आता तेवढंही वाचता येत नाही, हिनंच वाचून दाखवलं. 'नोंदी मौल्यवान आहेत. विशेषतः शेरे. असे बारकाईचे निरीक्षण या खात्यात पूर्वी झालेले नाही.' चौतीस वर्षं उन्हातान्हात मान वर करून उभा राहिलो हो मी, आणि कौतुकाचं पहिलं पत्र आलं ते... 'आदरणीय मॅडम' म्हणून! काय करणार? म्हटलं, अभिनंदन मॅडम, चहात साखर किती?