चुना

ओदेत: कोट काढू नका, मस्यू लेस्क्यूर. बघण्यासारखं आत काही उरलेलं नाही.

लेस्क्यूर: म्हणजे? पॅरिसहून तीन जण आलेत माझ्याबरोबर. फिर्मांनं चितारलेली भिंत बघायला. बाहेर गाडीत बसलेत.

ओदेत: भिंत आहे की. पांढरीशुभ्र. मोठे पाहुणे येणार म्हणून तुमचं पत्र आलं आणि डायरेक्टरांनी चुना मारून घेतला.

लेस्क्यूर: अकरा वर्षांचं काम होतं ते, ओदेत.

ओदेत: पाहुणे म्हटले की आम्ही चुना मारतो. वेड्यांच्या इस्पितळात कुणी पेशंटनं कोळशानं काढलेले बैल बघायला येईल, हे आम्हाला काय ठाऊक? एवढं तरी लिहायचंत.

लेस्क्यूर: तो कसा आहे?

ओदेत: चार दिवस अन्नाला शिवलेला नाही. भिंतीकडे तोंड करून बसलाय. उद्या डॉक्टर नाकातून नळी घालणार. मी पाहिलंय ते, पुन्हा नाही बघवायचं. तुमची वही द्या.

लेस्क्यूर: कुठली वही?

ओदेत: खिशातली. उन्हाळाभर त्या स्टुलावर बसून एकेक बैल उतरवून घेत होतात. नर्स असले तरी आंधळी नाही मी.

लेस्क्यूर: नाही देता येणार. गुरुवारी माझं प्रदर्शन उघडतंय, त्यातही बैलच आहेत. भिंत पाहून दोघांची रेघ जुळते, एवढंच वाटलं असतं; पण गाडीतल्या लोकांनी वही पाहिली, तर...

ओदेत: तर बैल कुणाचे ते त्यांना कळेल.

लेस्क्यूर: तुम्हाला नाही समजायचं. कलाशाळेत शिकलेलं विसरायला वीस वर्षं धडपडतोय मी. त्याच्यासारखी एक रेघ यावी म्हणून...

ओदेत: रेघेचं नंतर बघा. आत माणूस मरतोय.

(लेस्क्यूर वही देतो. ओदेत दार ढकलते.)

ओदेत: फिर्मां, हे बघ. तुझे बैल. सगळे आहेत.

फिर्मां: माझे नाहीत.

लेस्क्यूर: तुमचेच आहेत. मी उतरवले.

फिर्मां: तरीच. शिकलेले दिसता.

लेस्क्यूर: हो.

फिर्मां: हा बैल चालतोय. चालत्या बैलाला चारच पाय? भिंतीवर मी सहा काढले होते. पडेल तो. ओदेत, कोळसा कुठाय?

ओदेत: तू फेकलास तिथेच, पलंगाखाली. आणि सूप?

फिर्मां: आण. हे सगळे दुरुस्त करायचे म्हणजे संध्याकाळ होणार.

लेस्क्यूर: ओदेत, गाडीतल्या तिघांना आत बोलवा.

ओदेत: वही उघडी आहे.

लेस्क्यूर: असू दे.

फिर्मां: तुम्ही बसा त्या स्टुलावर. आणि आता नीट बघा.